जहाजावरून आणि किनाऱ्यावरून

२०१६ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी बॉस्टनजवळच्या एका उपनगरात लेकीकडे गेले होते. नात तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. दुपारी शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबली आणि बाईसाहेब उड्या मारत घरात शिरल्या. डोक्याला पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यात खोचलेली रंगीत कागदाची पिसं आणि अंगात खाकी कागदी पिशवीला भोकं पाडून केलेलं जाकीट.

"आजी, मी इंडियन झाले!"

"अगं, तू आहेसच की," मी म्हटलं.

"तसं नाही गं. ते इंडियन!"

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग'चा सण असतो. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या इंग्रजांनी पुढच्या वर्षी पहिलं पीक काढलं आणि तिथल्या मूळच्या लोकांबरोबर बसून मेजवानी केली, अशी त्यामागची कथा. शाळेत त्याचं छोटंसं नाटुकलं होतं. अर्धा वर्ग काळ्या टोप्या घालून इंग्रज झाला होता, अर्धा पिसं लावून इंडियन. आमच्या नातीला बाईंनी मोठ्या प्रेमानं सांगितलं होतं, की तू इंडियन आहेसच, तर तूच इंडियन हो. लेक चिडली, जावई हसले. खरं सांगते, सगळ्यात जास्त मी हसले. हसता हसता सहज विचारलं, "तुमच्या वर्गात खरे 'ते इंडियन' आहेत का गं कुणी?"

"नाही आजी. ते सगळे मेले. पुस्तकात आहे."

इतकं बोलून ती दूध-बिस्किटांकडे वळली. मीही विसरून गेले. सहा वर्षांनी ते वाक्य माझ्याच अंगावर येणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

त्याचं असं झालं. मी साताऱ्याला एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. १९९२ साली कोलंबसाच्या पहिल्या सफरीला ५०० वर्षं झाली, तेव्हा पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकांनी माझ्याकडून मुलांसाठी दर्यावर्दींवर एक पुस्तिका लिहून घेतली होती. चौसष्ट पानं, चार दर्यावर्दी : कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन आणि कॅप्टन कुक. वाचनालयातून तीनचार इंग्रजी पुस्तकं आणली आणि मे महिन्याच्या सुट्टीत, फुलस्केप कागदांवर, माठाशेजारी बसून मी ती लिहिली. शाळांच्या बक्षीस समारंभात ती बरीच वाटली गेली. माझ्या नावावर तेवढं एकच पुस्तक, त्यामुळे मला तिचा अभिमानही होता. २०२२च्या गणपतीत त्या प्रकाशकांच्या चिरंजीवांचा फोन आला. "बाई, नवी आवृत्ती काढतोय. नुसतं शुद्धलेखन तेवढं नजरेखालून घाला." मी पुन्हा लेकीकडे निघालेच होते. पुस्तिका पर्समध्ये टाकली. म्हटलं, विमानात होईल.

विमानात मी शुद्धलेखन तपासू शकले नाही. पाचव्या-सहाव्या पानावरच कान तापले. 'अंगावर धड वस्त्र नसलेले ते भोळे रानटी लोक रंगीत मणी आणि घुंगरं पाहून आनंदानं नाचू लागले.' हे माझं वाक्य. ते नाचले असं मला कोणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तो नाच माझ्या पदरचा. मजकुरात जरा रंग भरावा म्हणून घातलेला.

मग मी पेन्सिल घेऊन निराळाच उद्योग केला. कोलंबसाच्या सोळा पानांत किती नावं आहेत ती मोजली. खुद्द कोलंबस, राजा फर्डिनंड, राणी इसाबेला, पिंझोन बंधू, मध्यरात्रीनंतर जमीन पाहून ओरडणारा खलाशी रोद्रिगो. तिन्ही जहाजांनासुद्धा नावं : सांता मारिया, पिंटा, निन्या. आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांत? एकही नाव नाही. त्यांच्या जमातीचंही नाही. ते टाइनो होते, त्यांच्या बेटाला ते ग्वानाहानी म्हणत, हे मी लिहिलंच नव्हतं. लाकडाच्या जहाजांना नावं आणि हाडामासाची माणसं म्हणजे नुसते 'ते लोक'.

लेकीच्या गावात एक छान सार्वजनिक वाचनालय आहे. मुलांचा विभाग तळमजल्यावर. तिथल्या ग्रंथपाल बाईंना मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत अडचण सांगितली. त्यांनी पाच मिनिटांत माझ्यापुढे वीसएक पुस्तकांची चळत ठेवली. त्यातली काही जुनी होती, माझ्या पुस्तिकेच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशी. काही नवी. त्या सहा महिन्यांत दुपारच्या वेळी माझं दुसरं काम नव्हतं. नात आता बारा वर्षांची, तिला धाकटा भाऊ पाच वर्षांचा. संध्याकाळी त्या दोघांना घेऊन मी वाचत बसायची. तो चित्रं बघायचा, ती माझे उच्चार सुधारायची.

सगळ्यात आधी हाती लागलं ते जेन योलेन यांचं 'एन्काउंटर'. चित्रं डेव्हिड शॅनन यांची. प्रकाशन वर्ष पाहिलं : १९९२. म्हणजे मी माठाशेजारी बसून घुंगरांचा नाच लिहीत होते, त्याच वर्षी तिकडे एक बाई तीच सकाळ किनाऱ्यावरून लिहीत होती! गोष्ट सांगणारा एक टाइनो मुलगा आहे. त्याला स्वप्न पडतं, तीन प्रचंड पक्षी पाण्यावरून येताहेत. तो मोठ्यांना सांगतो, यांचं स्वागत करू नका. पोराचं कोण ऐकतो? नंतर त्यालाच पकडून जहाजावर नेतात. तो समुद्रात उडी टाकून सुटतो आणि शेवटी म्हातारा होऊन आपल्याला हे सांगत असतो. पुस्तकातले गोरे लोक त्या मुलाच्या नजरेनं इतके विचित्र दिसतात, की आमच्या धाकट्यानं विचारलं, "आजी, हे माणसं आहेत का?" माझ्या पुस्तिकेत नेमका हाच प्रश्न उलट बाजूनं पडत होता.

पुस्तक फार चांगलं आहे, पण माझं पूर्ण समाधान काही झालं नाही. शेवटचा म्हातारा इतका एकटा आणि विझलेला आहे, की मूल पुस्तक मिटतं ते 'संपले बिचारे' असं म्हणतच. आणि ते संपलेले नाहीत. पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, क्यूबा इथे आणि अमेरिकेतल्या शहरांतही स्वतःला टाइनो म्हणवणारी माणसं आज आहेत. 'ते सगळे मेले' हे वाक्य दुष्ट पुस्तकांतूनच येतं असं नाही. ते हळव्या पुस्तकांतूनही येतं.

कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली. लास कासास नावाच्या धर्मगुरूंनी तिचा जो सारांश उतरवून ठेवला, तो आज आपल्याला वाचायला मिळतो. त्यातली १२ ऑक्टोबर १४९२ची, म्हणजे पहिल्याच दिवसाची नोंद मी लेकीकडून दोनदा वाचून घेतली. मणी दिल्याचं त्यात आहे. नाच नाही. हे लोक चांगले नोकर होतील असं मात्र आहे. आणि पुढे तो म्हणतो, की मी जाताना यांच्यातल्या सहा जणांना राजाराणीकडे घेऊन जाईन, म्हणजे ते बोलायला शिकतील.

बोलायला शिकतील! जणू तोवर ती माणसं मुकीच होती. जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला हे वाक्य केवढं लागलं असेल, ते सांगून कळणार नाही.

घुंगरांचं तर विचारूच नका. पाळीव ससाण्याच्या पायाला बांधायची ती लहान पितळी घुंगरं कोलंबसाच्या माणसांनी भेट म्हणून वाटली होती. लहान मुलांच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ती आहेत, कारण चित्राला छान दिसतात. पुढे हिस्पॅनिओला बेटावर स्पॅनिश अंमल बसला. तेव्हा सोन्याच्या खाणींच्या मुलखात चौदा वर्षांवरच्या प्रत्येक टाइनोवर दर तीन महिन्यांनी सोन्याचा कर लागला. कराचं माप कोणतं? तेच घुंगरू. ते भरून सोनं आणून द्यायचं. १४९५ साली पाचशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून जहाजात भरून स्पेनला धाडली. त्यातली सुमारे दोनशे वाटेतच गेली. भेट दिलेल्या घुंगराचं असं माप झालं, आणि मी त्या घुंगरावर पोरांना नाचवत होते.

हे सगळं लहान मुलांना सांगायचं का? घरात यावरून चांगलीच चर्चा झाली. जावयांचं म्हणणं, "आई, गोष्टी गोष्टींच्या जागी असू द्या. पाच वर्षांच्या पोराला गुलामांची जहाजं दाखवून काय करायचंय?" त्यात तथ्य होतं. पाच वर्षांच्या मुलाला मी ती दाखवणार नाहीच. पण भीषण ते न सांगणं वेगळं आणि खोटा नाच घालणं वेगळं, हे मीही त्यांना ऐकवलं. लेक दोघांच्या मध्ये पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आधी त्यांना माणसं करून दाखव. बाकीचं वयानं कळेल."

माणसं करून दाखवणं म्हणजे काय, ते मला दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवल्यावर उमगलं.

पहिलं पुस्तक लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं १९३५ सालचं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'. नातीचं लाडकं. खरं तर कुणाचंही व्हावं असंच. बाबा जंगलातून ओंडके आणून घर बांधतात, खिळ्यांशिवाय दार बसवतात, रात्री फिडल वाजवतात. आई मक्याच्या पिठाची भाकरी थापते. वारा, तारे, लांडग्यांचं ओरडणं. वाचताना मला माझ्या लहानपणीच्या खानवटीच्या घराची आठवण झाली, इतकं ते ओळखीचं आहे. पण ते घर बांधलेलं असतं कॅन्ससमधल्या ओसेज लोकांच्या जमिनीवर. १८६९च्या सुमाराला, ती जमीन कायद्यानं अजून ओसेजांचीच असताना. पुस्तकात ओसेज येतात ते न विचारता घरात शिरणारे, वास येणारे, खायला मागणारे म्हणून. नाव असलेला त्यांचा एकच पुढारी आहे, आणि त्याचंही नाव फ्रेंच. 'आमच्या जमिनीवर राहता, तर थोडं खायला द्या,' असं म्हणण्याचा त्यांना हक्क होता, हे लहान लॉराला कोण सांगणार?

मूळ आवृत्तीच्या आरंभी त्या प्रदेशाबद्दल असं विधान होतं, की तिथे माणसं राहत नाहीत, फक्त इंडियन राहतात. सतरा वर्षं ते तसंच छापलं जात होतं. १९५२ साली एका वाचकानं प्रकाशकांना पत्र लिहून ते निदर्शनाला आणलं. वाइल्डरबाई तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या. त्यांनी आपली चूक ताबडतोब मान्य केली आणि १९५३च्या आवृत्तीत 'माणसं'च्या जागी 'वसाहतवाले' असा शब्द आला. एकच शब्द बदलला. बाकी पुस्तक तेच राहिलं. २०१८ साली अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेनं त्यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं तेव्हा तिकडे बरंच वादळ उठलं होतं. मला स्वतःला त्या वादापेक्षा ८५व्या वर्षी चूक कबूल करणारी ती म्हातारी अधिक जवळची वाटते. का, ते सांगायला नको.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. ओसेज लोकांची लांबच लांब रांग घोड्यांवरून निघून चाललेली असते. लॉराची नजर एका काळ्याभोर डोळ्यांच्या तान्ह्या बाळावर खिळते आणि ती बापाकडे हट्ट धरते, की ते बाळ मला आणून द्या. ती रडते, तिला का रडू येतंय ते तिलाच कळत नाही. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं. नातीनं विचारलं, "ते बाळ कुठे गेलं, आजी?" ओसेजांना तेव्हा दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं, एवढं मी तिला सांगितलं. तिला ते पुरलं नाही. तिला त्या बाळाची गोष्ट हवी होती. त्याच्या आईची, आजीची, त्याच्या घराची.

ग्रंथपाल बाईंना मी तिचा हा प्रश्न सांगितला तेव्हा त्यांनी शेल्फवरून दुसरं पुस्तक काढून दिलं. लुईस अर्ड्रिक यांचं 'द बर्चबार्क हाउस', १९९९चं. हे ओसेजांचं नाही, ओजिब्वे लोकांचं आहे, पार उत्तरेकडच्या लेक सुपीरियर सरोवरातल्या बेटावरचं. अर्ड्रिकबाई स्वतः ओजिब्वे वंशाच्या. आपले पूर्वज त्या बेटावर राहत होते असं त्यांना घराण्याचा शोध घेताना कळलं आणि त्यातून हे पुस्तक झालं. चित्रंही त्यांचीच. वर्ष १८४७. नायिका सात वर्षांची ओमाकायास. नावाचा अर्थ छोटी बेडकी, कारण तिचं पहिलं पाऊल उडीसारखं पडलं होतं.

या पुस्तकात काय आहे म्हणाल तर घर आहे. उन्हाळा आला की बर्च झाडाची साल सोलून आणायची आणि तिचं झोपडं उभारायचं. हिवाळ्यात ओंडक्यांच्या घरात जायचं. ओमाकायासला कातडं घासून साफ करायचं काम मनापासून नकोसं वाटतं. आमच्या नातीला भांडी पुसायचं वाटतं तसंच. थोरली बहीण दिसायला देखणी म्हणून हिला तिचा हेवा. मधला भाऊ पिंच महाद्वाड. धाकटा नीवो मात्र हिचा जीव की प्राण. एक पाळलेला कावळा आहे. अस्वलाची दोन पिल्लं भेटतात. मॅपलच्या रसाची साखर करायची, जंगली तांदूळ झोडपून होडीत गोळा करायचा, रात्री आजीनं गोष्ट सांगायची. सगळं आपल्याकडच्या वाड्यातल्यासारखं. गोरे लोकही आहेत, पण कडेला. व्यापारी आहे, पाद्री आहे. बेटावर आणखी गोरे येतील आणि आपल्याला उठवतील, अशी मोठ्यांची बोलणी मुलीच्या कानांवर पडतात.

मग हिवाळ्यात एक पाहुणा येतो आणि त्याच्यामागून देवी येतात. देवीच्या साथीनं काय केलं, हे आपल्या आजी-पणजींच्या पिढीला सांगावं लागत नसे. नीवो जातो. त्या रात्री नात वाचता वाचता थांबली आणि पुढची चार पानं मला वाचायला लावली. माझाही आवाज नीट निघत नव्हता. 'रोगराईनं लाखो मूळ रहिवासी मेले' असं मी इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. एकाही मुलीनं त्यावर डोळे पुसले नव्हते.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. ओमाकायास पुन्हा हसायला लागते. वसंत येतो. त्यापुढे या मालिकेची आणखी चार पुस्तकं निघाली, शेवटचं २०१६ साली, आणि ती मुलगी मोठी होऊन आई होते. नात म्हणाली, "म्हणजे ते मेले नाहीत." मी म्हटलं, "नाही गं बाई, आणि ज्यांनी हे लिहिलं त्या त्यांच्यातल्याच."

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही सगळे प्लिमथला जाऊन आलो. लेकीच्या घरापासून गाडीनं तासाभराचा रस्ता. 'मेफ्लॉवर'मधले लोक ज्या खडकावर उतरले असं सांगतात, तो खडक म्हणजे एवढासा धोंडा आहे. आपल्याकडे त्यावर शेंदूर फासूनही कुणी फार थांबलं नसतं. खरी पाहण्यासारखी जागा म्हणजे तिथलं उघड्यावरचं संग्रहालय. २०२० साली त्याच्या नावात 'पटुक्सेट' हा शब्द आला. इंग्रजांच्या गावात नटमंडळी १६२०च्या दशकातली भूमिका वठवत असतात. त्यांना मोबाइल म्हणजे काय विचारलं तर ते गोंधळल्यासारखं दाखवतात. त्याच्याच बाजूला वाम्पानोआग लोकांची वस्ती उभारली आहे. तिथली माणसं मात्र भूमिका करत नाहीत. कपडे जुन्या पद्धतीचे, बोलणं आजचं. ती स्वतः मूळ रहिवाशांपैकी आहेत आणि 'आम्ही' असं म्हणूनच बोलतात. चुलीवर काहीतरी रटरटत होतं. आमच्या धाकट्यानं तिथल्या बाईंना धीटपणानं सांगितलं, "मीपण इंडियन आहे." त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "तुमचाच देश शोधायला निघाला होता तो. आमच्याकडे येऊन थडकला."

नात थोडी मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "आजी, मी पहिलीत ती पिसं घातली होती ना." आणि गप्प झाली.

त्या गावाच्या जागी आधी पटुक्सेट नावाचंच वाम्पानोआग गाव होतं. लहान मुलांच्या थँक्सगिव्हिंगच्या पुस्तकांत एक 'स्क्वांटो' हमखास असतो. इंग्रजांना मका लावायला शिकवणारा मित्र. योगायोगानं त्याला इंग्रजी येत असतं! ते कसं येत होतं, हे जुन्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं, नाहीतर नसतंच. टिस्क्वांटम हे त्याचं नाव. १६१४ साली एका इंग्रज कप्तानानं त्याला वीसपंचवीस जणांबरोबर पळवलं आणि स्पेनच्या मालागा बंदरात विकायला नेलं. तिथून सुटून तो लंडनला पोचला, तिथे इंग्रजी शिकला आणि १६१९ साली एका जहाजावरून परत आला. पाहतो तर गावात कुणी नाही. मधल्या काळात साथ येऊन सगळं पटुक्सेट ओस पडलं होतं. 'मेफ्लॉवर'च्या लोकांना पेरणीसाठी आयती साफ केलेली शेतं मिळाली, ती त्याच्या माणसांची. १०२ उतारूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेले. उरलेल्यांना जगवणारा माणूस स्वतःच्या गावात एकटा उरलेला होता. हा माणूस पुस्तकात नुसता हसत मका लावताना दिसतो.

आणि ती मेजवानी? तिच्याबद्दल एका इंग्रजाच्या १६२१च्या पत्रात एक परिच्छेद आहे. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली, तीन दिवस खाणंपिणं झालं. आमंत्रणाचा उल्लेख त्यात नाही. पुढे पन्नासेक वर्षांनी तिथे भीषण युद्ध झालं. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ साली मारला गेला आणि त्याचं शिर याच प्लिमथमध्ये कित्येक वर्षं खांबावर लावून ठेवलं होतं. मेटाकॉमच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकण्यात आलं. म्हणजे ज्यानं पाच हरणं आणली, त्याचा नातू. १९७० साली फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना मेफ्लॉवरच्या ३५०व्या वर्षाच्या समारंभात भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी लिहून दिलेलं भाषण आयोजकांना रुचलं नाही. तेव्हा ते मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी जाऊन उभे राहिले. त्या वर्षापासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी तिथे शोकदिन पाळतात.

परतताना धाकट्यासाठी 'कीपुनुमक' नावाचं चित्रांचं पुस्तक घेतलं, तेव्हा नुकतंच निघालेलं, २०२२चं. लिहिणारे आणि चित्रं काढणारे सगळेच मूळ रहिवाशांपैकी. त्यात तीच मेजवानीची कथा मक्याच्या बाजूनं सांगितली आहे. मका, घेवडा आणि भोपळा या एकमेकींना धरून वाढणाऱ्या तीन बहिणी, आणि माणसांना कोण जगवणार याची काळजी त्यांना. गोष्ट सांगते ती आजी. वाम्पानोआग भाषेत आजीला नूकुमस म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यांच्या रोमन लिपीत त्यातल्या 'ऊ'साठी चक्क ८ हा आकडा लिहितात. 'बर्चबार्क हाउस'मधली आजी नोकोमिस. भाषा वेगळ्या पण एकाच कुळातल्या. धाकटा आता फोनवर मलाही नूकुमस म्हणतो.

वसंतात मी साताऱ्याला परतले. एकादशीला खिचडी करायला घेतली आणि ओट्याशी थबकले. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची. आपल्या सोवळ्यातल्या उपासाला चालणारी ही चारही पिकं मूळची तिकडची, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेली. शिवाय बटाटा हा शब्दसुद्धा टाइनो आहे! त्यांच्या भाषेत बटाटा म्हणजे रताळं. स्पॅनिश-पोर्तुगीज तोंडांतून तो आपल्याकडे आला. ज्यांना बोलायला शिकवायला न्यायचं होतं, त्यांचा शब्द मी जन्मभर भाजीवाल्याला ऐकवत होते.

पुस्तिका पुन्हा लिहायला घेतली आहे. कोलंबसाचं प्रकरण आता ग्वानाहानीच्या किनाऱ्यावरून सुरू होतं. कापसाचं सूत, टांगलेल्या झोळ्या, सूर्य उगवताना लांबवर दिसणारी शिडं. 'रेड इंडियन' हा शब्द काढून टाकला. जिथे जमातीचं नाव आहे तिथे तेच लिहिलं. घुंगरं ठेवली आहेत, दोन्ही वेळची. नाच काढला. कोलंबसाचं धाडस, त्याचं गणित, खलाशांची भीती यातलं काही मी कमी केलेलं नाही, कारण तेही खरंच होतं. वास्को द गामाचं प्रकरणही आता कालिकतच्या धक्क्यावरून लिहावं लागणार, आणि कॅप्टन कुकचं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून. एकदा उभं राहायची जागा बदलली की चारही दर्यावर्दी हलतात.

परवा व्हिडिओ कॉलवर नातीला पहिली पानं मराठीतून वाचून दाखवली. तिला सगळं मराठी समजत नाही, मध्येमध्ये इंग्रजी करून सांगावं लागतं. कोलंबसानं ग्वानाहानीहून पकडून नेलेल्यांपैकी एक तरुण पुढे त्याचा दुभाषा झाला, तिथवर आलो. तिनं विचारलं, "त्याचं नाव काय?"

"दिएगो कोलोन."

"हे तर कोलंबसाच्या मुलाचं नाव आहे. त्याचं काय?"

स्पेनमध्ये बाप्तिस्मा देताना ते नाव त्याला दिलं होतं. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्या ओळीत मी आता 'त्याच्या आईनं त्याला' असं लिहून पुढे मोकळी जागा सोडली आहे. छापताना ती जागा जुळारी चूक समजून भरून टाकतील, म्हणून समासात तांबड्या शाईनं सूचनाही लिहिली.

हे सगळं धरून पानं ऐंशीच्या घरात जाताहेत. म्हणजे चाराचे पाच फॉर्म. प्रकाशकांच्या चिरंजीवांना उद्या फोन करून विचारायचं आहे.